सभासदाची बाकी टेबलात ठेवायची की दर वेळी मोजायची?

प्रश्न : नमस्कार. आमच्या गावच्या दूध संस्थेचं काम मी अ‍ॅक्सेसमधे (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममधे) बसवलंय. तीन टेबलं आहेत, सभासद, संकलन (तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक, दर) आणि कपात (पशुखाद्य, उचल वगैरे). मला सभासद टेबलातच 'एकूण दूध रक्कम' आणि 'बाकी' असे दोन कॉलम पाहिजेत, आपोआप भरणारे. कॅल्क्युलेटेड फील्ड (सूत्रावरून आपोआप भरणारा कॉलम) करायला गेलो तर तिथं दुसऱ्या टेबलातली फील्डं दिसतच नाहीत, म्हणून सध्या संकलनाच्या फॉर्मवर सेव्ह केलं की कोडनं बेरीज करून सभासद टेबलात टाकतो. पण अधूनमधून कुणाची तरी बाकी चुकतेच आणि लोक काउंटरवर येऊन हिशोब मागतात. काय करावं? (दूध संस्थेचे सचिव, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ते दोन्ही कॉलम काढून टाका. मी हे अगदी मनापासून सांगतोय, कारण शेतकऱ्याच्या दहा दिवसांच्या दुधाचे पैसे त्या आकड्यावर ठरतात आणि तो आकडा कुठल्या नोंदींतून आला हे तुम्हाला कधीही दाखवता आलं पाहिजे.

आधी बघू चुकतं कुठं. तुमचा कोड फॉर्मवर आहे, म्हणजे कुणी थेट टेबल उघडून लिटर बदलले, एक्सेलमधून नोंदी आत घेतल्या किंवा चुकीची ओळ डिलीट केली तर तो कोड चालतच नाही. संकलनाच्या ओळी एक सांगतात, बाकीचा कॉलम दुसरंच सांगतो, आणि दोघांतलं खरं कोण ते डेटाबेसला कळायला मार्ग नाही. एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवली की हे होणारच. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायच्या पद्धतीचा, जो निबंध लिहिला त्यातसुद्धा एक अख्खा भाग पुनरुक्ती आणि सुसंगती यावर आहे, म्हणजे हा प्रश्न टेबलांच्या जन्मापासूनचा आहे.

कॅल्क्युलेटेड फील्डचं म्हणाल तर ती सोय अ‍ॅक्सेस २०१० पासून आहे पण ती फक्त त्याच ओळीतल्या फील्डांवर चालते. लिटर गुणिले दर म्हणजे त्या ओळीची रक्कम, एवढ्यासाठी ती जरूर वापरा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसांत अनुक्रमे ५.७ आणि १२ या आवृत्त्यांपासून जे जनरेटेड कॉलम आलेत त्यांनाही हीच मर्यादा आहे, शेजारच्या टेबलात डोकावता येत नाही. मुद्दाम तसं ठेवलंय, कारण दुसऱ्या टेबलातली एक ओळ बदलली की इथल्या कुठल्या ओळी पुन्हा मोजायच्या हे सांभाळणं साध्या कॉलमचं काम नाही.

मग बेरीज कुठं करायची, तर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात. संकलन टेबलावर टोटल्स क्वेरी करा, सभासद क्रमांकावर ग्रुप बाय (सभासदवार गट), रकमेवर सम (बेरीज), तारखेला बिलाच्या दहा दिवसांची अट. ती सेव्ह करून ठेवा आणि रिपोर्टला टेबलासारखीच वापरा. फक्त डेटा भरायचा फॉर्म टोटल्स क्वेरीवर बांधू नका, त्या क्वेरीत काही एडिट करता येत नाही. फॉर्म सभासद टेबलावरच ठेवा आणि एका टेक्स्ट बॉक्सच्या कंट्रोल सोर्समधे डीसम (अटीनुसार बेरीज करणारं फंक्शन) लिहून बेरीज दाखवा. एका वेळी एक सभासद दिसत असेल तोवर डीसम छान चालतं, सगळ्यांची यादी एकत्र दाखवायला लागलात की प्रत्येक ओळीला वेगळी बेरीज होते आणि स्क्रीन रखडते, तिथं क्वेरीच बरी.

स्पीडची काळजी आत्ता नको. ३०० सभासद धरले आणि दिवसाला दोन नोंदी, तरी वर्षाच्या होतात २,१९,००० ओळी, आणि एका बिलासाठी त्यातल्या ६,००० च बघायच्या असतात. सभासद क्रमांक आणि तारीख यांवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) असेल तर हे काम अगदी किरकोळ आहे.

आता महत्त्वाचं. दर मात्र संकलनाच्या ओळीतच साठवा, तुम्ही ठेवलाय तो बरोबर आहे. काही लोक म्हणतात की फॅट-एसएनएफवरून दरपत्रकातून दर काढता येतोच की, मग साठवायचा कशाला. पण दरपत्रक बदलतं, आणि उद्या नवीन पत्रक टाकलं की मागच्या सगळ्या बिलांचे आकडे गपचूप बदलतील. त्या दिवशी त्या दुधाला लागलेला दर ही घडलेली गोष्ट आहे, ती लिहूनच ठेवायला पाहिजे. वाटून झालेल्या बिलाचंही तसंच. बिल छापून सभासदाच्या हातात गेलं, पैसे दिले, की तो आकडा 'बिल' नावाच्या वेगळ्या टेबलात बिल क्रमांक, कालावधी आणि तारखेसकट टाकून कुलूप लावा. नंतर जुनी नोंद चुकलेली सापडली तर मागचं बिल खोडायचं नाही, पुढच्या बिलात फरकाची एक ओळ घालायची. चालू बाकी मात्र दर वेळी मोजायची.

प्रश्न (त्याच सचिवांचा) : मी संकलन आणि कपात दोन्ही सभासदाला जोडून एकाच क्वेरीत बेरीज करून बघितली. एका सभासदाची बाकी उणे ४३,६०० आली! त्याचं तर येणं निघायला पाहिजे.

उत्तर : हा प्रकार फार जणांना छळतो, म्हणून नीट बघू. समजा या सभासदाच्या २० नोंदी आहेत, प्रत्येकी १० लिटर, ३६ रुपये दर, म्हणजे दुधाचे ७,२०० रुपये. कपातीच्या दोन ओळी, मिळून २,९००. खरी बाकी ४,३००. पण तिन्ही टेबलं एकदम जोडली की दुधाची प्रत्येक ओळ कपातीच्या प्रत्येक ओळीशी जुळते आणि २० च्या ४० ओळी होतात. दूध दोनदा मोजलं जातं, १४,४००. कपात वीस वेळा मोजली जाते, ५८,०००. वजा करा, तुमचा उणे ४३,६०० चा आकडा येतो. डेटाबेसनं काहीच चूक केलेली नाही, सांगितलं तेच केलंय.

उपाय सोपा आहे, आधी बेरीज मग जोड. संकलनाची वेगळी टोटल्स क्वेरी, कपातीची वेगळी, दोन्हींत सभासदामागे एकच ओळ येते, आणि मग तिसऱ्या क्वेरीत त्या दोन्ही सभासद टेबलाला जोडा. जोडताना लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातली प्रत्येक ओळ ठेवणारी जोडणी) घ्या, नाहीतर ज्याची या दहा दिवसांत काहीच कपात झाली नाही तो सभासद यादीतूनच गायब होईल. आणि लेफ्ट जॉइन घेतला की त्याच्या कपातीच्या जागी नल (काहीच किंमत नसलेली रिकामी जागा) येतं, ७,२०० वजा नल म्हणजे नलच, शून्य नव्हे! म्हणून नलऐवजी शून्य धरायला अ‍ॅक्सेसमधे एनझेड फंक्शन लावा, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमधे कोअलेस. रकमेच्या फील्डचा प्रकार करन्सी ठेवा, डबल (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) नको, पैशाच्या बेरजेत दशांशाचे किडे निघतात. आणि राउंडिंग ओळीवर करायचं की शेवटच्या बेरजेवर, हे एकदा संस्थेत ठरवून घ्या, दोन्हींची उत्तरं काही पैशांनी वेगळी येऊ शकतात आणि तेवढ्यावरूनही वाद होतो.

प्रश्न : आमच्याकडं पोस्टग्रेसवर कोट्यवधी ओळी आहेत आणि डॅशबोर्डवर एकूण आकडे सतत लागतात. तरीही साठवायचं नाही का? (सॉफ्टवेअर डेव्हलपर, पुणे)

उत्तर : तुमच्याकडं साठवा, पण आधी क्वेरीचा प्लॅन (डेटाबेस ती कशी चालवतो त्याचा आराखडा) बघा. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणारा कॉलम) केली म्हणून पोस्टग्रेस त्या कॉलमवर आपोआप इंडेक्स करत नाही, मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (तिथल्या साठवण इंजिनात) होतो, आणि तिकडून आलेले लोक इथं हमखास अडकतात.

तरीही हळू असेल आणि आकडा थोडा शिळा चालत असेल तर मटेरिअलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचं साठवून ठेवलेलं उत्तर) घ्या, पोस्टग्रेस ९.३ पासून आहे, पण तो स्वतःहून ताजा होत नाही, रिफ्रेशचं वेळापत्रक तुम्हालाच लावावं लागतं. क्षणाक्षणाला ताजा आकडा पाहिजे असेल तर ट्रिगर, म्हणजे ओळ बदलली की डेटाबेस स्वतःच चालवतो तो कोड. तो इन्सर्टला लिहिला की झालं असं समजू नका, अपडेट आणि डिलीटही लागतात, आणि अपडेटमधे ओळ एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडं गेली तर जुन्याचे वजा आणि नव्याचे जमा असं दोन्ही करावं लागतं, हा प्रसंग बरेच जण विसरतात. अ‍ॅप्लिकेशनमधे आकडा वाचून, त्यात मिळवून, परत लिहू नका, दोघांनी एकाच वेळी केलं तर एकाची भर हरवते. 'बेरीज = बेरीज + रक्कम' असं एकाच अपडेटमधे लिहा. आणि रोज रात्री साठवलेला आकडा मूळ ओळींच्या बेरजेशी ताडून बघणारी एक क्वेरी चालवा, फरक दिसला की मूळ ओळींवरून आकडा पुन्हा भरा आणि तो फरक कुठल्या बदलामुळं आला ते त्याच दिवशी शोधा, लॉग हाताशी असतात तोवरच ते सापडतं.