दोन रेघांच्या मधली तिसरी

प्रश्न: "सीताबर्डीत माझं डीटीपीचं दुकान आहे. सीताबर्डीच्या लढाईवरचा एक इंग्रजी प्रबंध टाइप करून दिला. मॅडमनी प्रुफावर लाल पेनानं '१८१७-१८१८' मधली रेघ लांब करायला सांगितली, पण 'अँग्लो-मराठा' मधली तशीच ठेवली. दोन्ही जोडरेघाच ना? मग हा भेदभाव काहून?"

भाऊ, मॅडमचं बरोबर आहे. तुमचीही फार चूक नाही, कारण शाळेत आपल्याला दोनच रेघा शिकवल्या: जोडणारं संयोगचिन्ह (हायफन) आणि वाक्य तोडणारं अपसारणचिन्ह (एम डॅश). इंग्रजी छपाईत या दोघींच्या मधोमध तिसरी आहे, एन डॅश. हायफनपेक्षा लांब, एम डॅशपेक्षा आखूड. बारा पॉइंटाच्या टायपात 'एम' म्हणजे बारा पॉइंट रुंदी आणि 'एन' म्हणजे सहा. नावं त्या मापांवरून पडली. टाइपरायटरवर तिघींना मिळून एकच कळ होती, तिथून आपली सवय बिघडली.

ही मधली ओळखायला मी रेघेच्या जागी 'ते' म्हणून पाहतो. १८१७ ते १८१८. २६ ते २७ नोव्हेंबर (लढाई याच दोन दिवसांची). पान ४५ ते ६०. 'ते' बसला की एन डॅश, दोन्ही बाजूंना जागा न सोडता. घरी मी तिला 'ते-रेघ' म्हणतो, आणि त्या नावात मात्र हायफन आहे! एक पथ्य पाळा: आधी 'फ्रॉम' लिहिलं असेल तर पुढं 'टू' अक्षरातच लिहायचं. 'फ्रॉम १८१७–१८१८' हे 'पासून' लिहून 'पर्यंत' गिळल्यासारखं वाटतं.

आता अँग्लोचं कोडं. एन डॅश 'विरुद्ध' किंवा 'यांच्यातला' या अर्थानंही येतो. युद्ध तर दोघांतलं, मग रेघ आखूड का? कारण 'अँग्लो' हा सुटा शब्दच नाही. तो कायम कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून चालतो, आणि तो हात म्हणजे हायफन. तेच 'ब्रिटिश–मराठा' लिहिलं असतं तर दोघंही आपल्या पायांवर उभे, म्हणून एन डॅश. सगळेच एवढं सोवळं पाळत नाहीत. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीत एन डॅश नाहीच, तिथं हायफनवर भागवतात. प्रबंधात मात्र पाळलेलं बरं.

हायफनला क्षुल्लक समजू नका. 'री-साइन' म्हणजे करारावर पुन्हा सही, मधली रेघ गेली की राजीनामा. 'वेल-नोन' नामाच्या आधी आलं तर जोडायचं, वाक्याच्या शेवटी आलं तर सुटं. 'हायली'सारख्या 'ली'वाल्या क्रियाविशेषणाला तर हायफन लावायचाच नाही.

एम डॅश वाक्यात मध्येच थांबायला. अमेरिकी पुस्तकांत तो शब्दांना चिकटून येतो. ब्रिटनमधले बरेच प्रकाशक त्या जागी दोन्हीकडे जागा सोडून एन डॅश घालतात. मॅडम कुठली पद्धत पाळतात ते विचारून घ्या, भेळ करू नका.

विंडोजवर आल्ट दाबून नंबर पॅडवर ०१५० केलं की एन डॅश, ०१५१ केलं की एम. फाँट तेवढा बघा. कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटमध्ये ०१५० दाबलं तर 'दृ' उमटतो. हिंदी वेबसाइटींवर वाक्याच्या मध्येच उगवणारे ते अनाथ 'दृ' म्हणजे फाँट बदलताना फसलेले डॅशच. आणि घाईत सगळ्या फाइलीवर एकदम 'रिप्लेस ऑल' मारू नका, नाहीतर अँग्लोचीही रेघ लांबेल.