आधी हाड, मग दात

प्रश्न : मुलगी साडेआठ वर्षांची आहे. डावीकडचा ओठ, हिरडी आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते. ओठाची व टाळूची शस्त्रक्रिया लहानपणीच झाली. आता एक्स-रेमध्ये डावीकडचा वरचा दुसरा पटाशीचा दात मुळातच नाही, असे दिसले. इम्प्लांट (हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) कधी बसवता येईल? शेजारचा दुधाचा सुळा किडलाय, तो काढावा का?

उत्तर : या मुलांमध्ये नेमका हाच दात अनेकदा नसतो, कारण त्याचा अंकुर जिथे धरायचा तिथेच हिरडी दुभंगलेली असते. तुमच्या हातून काही चुकलेले नाही.

इम्प्लांटला अजून बरीच वर्षे आहेत. आत्ता निकड आहे ती जबड्यातली फट हाडाने भरण्याची. ओठ-टाळू शिवला तरी हिरडीच्या हाडातली फट तशीच राहते. कमरेच्या हाडातला मऊ गर काढून ती भरतात. साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, कायमच्या सुळ्याचे मूळ अर्धे ते दोन तृतीयांश तयार झाल्यावर, पण तो उगवण्याआधी. सुळा त्या नव्या हाडातून खाली आला की हाड टिकते. वेळ टळली तर भरलेले हाड झिजण्याची शक्यता वाढते. जबडा अरुंद असेल तर आधी काही महिने साधन लावून तो रुंदावावा लागतो, म्हणून ऑर्थोडॉन्टिस्टला (दात-जबडा जुळवणाऱ्या दंततज्ज्ञाला) याच वर्षी दाखवा. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. त्यात दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे.

किडलेला दात घाईने उपटू नका. फटीलगतच्या दाताभोवती हाडाचा पातळ पापुद्राच असतो, दात गेला की तोही झिजतो. भरता येत असेल तर भरून घ्या. काढावाच लागला तर हाड भरण्याच्या काही आठवडे आधी, सर्जनला विचारूनच, म्हणजे हिरडी भरून येते.

पुढे कायमचा सुळाच रिकाम्या जागी सरकवून त्याला पटाशीच्या दाताचा आकार देता येतो. चावा जुळत असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू. नाहीतर जागा राखून, वाढ थांबल्यावर, म्हणजे मुलींमध्ये १७-१८ नंतर, इम्प्लांट. आधी बसवला तर शेजारचे दात वाढीबरोबर खाली येतात, इम्प्लांट मात्र जागचा हलत नाही आणि दात आखूड दिसतो. तोवर रिटेनरवर (दात जागेवर धरून ठेवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या साधनावर) कृत्रिम दात लावून घ्या. जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली तर पुन्हा हाड भरावे लागू शकते.

प्रश्न : वय २४. फक्त टाळू दुभंगलेला होता. वरची एक उपदाढ आलीच नाही, तिथली दुधाची दाढ अजून आहे. काढू का?

उत्तर : हलत नसेल, मुळे शाबूत असतील, तर अजिबात नाही. दर एक-दोन वर्षांनी एक्स-रे काढून मुळे तपासून घ्या.