जोडीच्या औषधांची चाचणी : वाचकांचे प्रश्न

भावाचा दुर्मीळ कॅन्सर फुप्फुसात पसरलाय. चाचणीतली दोन्ही औषधं बाजारात आहेतच, मग तपासायचं काय? (जुळे सोलापूर)

वेगवेगळी सोसली म्हणून जोडीनं सोसतील असं नाही. दोन्हींचा मार यकृतावरच असेल तर पूर्ण डोस एकत्र देता येत नाही. म्हणून सुरुवातीला बहुधा तिघांना कमी डोस देऊन तीन-चार आठवडे थांबतात. कुणालाच गंभीर त्रास नसेल तर डोस वाढतो. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला की मागे फिरायचं.

अमेरिकेत २०१७ साली सुरू झालेल्या ‘डार्ट’ चाचणीत प्रतिकारशक्ती चेतवणारी इपिलिमुमॅब-निवोलुमॅब ही जोडी अनेक दुर्मीळ कॅन्सरच्या गटांत तपासली गेली. मेलानोमात (त्वचेच्या एका कॅन्सरात) इपिलिमुमॅब वजनाच्या किलोमागे ३ मिलीग्रॅम, दर ३ आठवड्यांनी देतात. डार्टमध्ये ते १ मिलीग्रॅम, दर ६ आठवड्यांनी होतं. चाचणीत खरा खल या आकड्यांचाच असतो.

औषधाऐवजी नुसती गोळी दिली तर? (अक्कलकोट)

दुर्मीळ कॅन्सरच्या बऱ्याच चाचण्यांत एकच गट असतो, सगळ्यांना औषध मिळतं. तरी संमतीपत्रात ‘तुलना गट’ आहे का ते वाचा, आणि सीटीआरआयचा (चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. २००९पासून ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर सही करू नका.

चाचणीसाठी मुंबईला जाताना काय न्यायचं? (होटगी रोड)

फायलींपेक्षा बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक महत्त्वाचा. लॅबनं तपासलेल्या काचा (स्लाइड) रंगवलेल्या असतात. जनुकीय तपासणीला ब्लॉक नाहीतर कोऱ्या काचा लागतात. लॅबमधून पावती करून घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहा. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. आपल्याकडच्या मे महिन्यात डबी उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. सीटी स्कॅनची सीडीही घ्या, नुसता कागद नको. पुढचं मोजमाप त्या चित्रांवरच होतं : निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के घटली तर ‘अंशतः प्रतिसाद’.

इपिलिमुमॅब-निवोलुमॅबची जोडी चालू आहे. दोन दिवस पाच-सहा जुलाब होतायत. शेंगाचटणी बाधली असेल? (बार्शी)

चटणीवर ढकलू नका. दिवसात नेहमीपेक्षा चार जुलाब जास्त झाले की आतड्याला सूज आली असं धरून त्याच दिवशी चाचणीच्या डॉक्टरांना फोन करा, रात्र असली तरी. चेतवलेली प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते, त्याला बऱ्याचदा स्टेरॉइड लागतं. दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी घेतली तर लक्षण झाकलं जातं, सूज वाढत राहते. रक्त पडलं किंवा पोट ताणून दुखलं तर फोननंतर वाट न पाहता जवळचं रुग्णालय गाठा आणि औषधांची नावं लिहिलेलं चाचणीचं कार्ड आधी दाखवा.