नोकरी सोडून कॉलेजात अर्धवेळ गणित शिकवावे का?

प्रश्न: मी ४३ वर्षांची असून अमेरिकेत एका विमा कंपनीत डेटा ॲनालिस्ट म्हणून ११ वर्षे नोकरी करते. पगार ७८,००० डॉलर आहे, ४०१(के) या निवृत्तीसाठीच्या बचतखात्यात कंपनी ४ टक्के भर घालते आणि घरातील तिघांचा आरोग्य विमा माझ्याच नोकरीतून आहे. पतींचा पगार ९२,००० डॉलर आहे. त्यांच्या कंपनीचा विमा घेतल्यास महिन्याला ६४० डॉलर जास्त पडतील. मी भारतात एम.एस्सी. (गणित) केले असून शिकवण्याची इच्छा जुनी आहे. येथून २५ मैलांवरील कम्युनिटी कॉलेजाने (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजाने) मला प्रत्येक सत्रात जनरल एज्युकेशन (सर्व शाखांसाठीच्या) गणिताचे तीन सेक्शन, म्हणजे तुकड्या, देऊ केले आहेत: दोन कॉलेज अल्जिब्राचे आणि एक प्राथमिक संख्याशास्त्राचा. तीन क्रेडिटच्या, म्हणजे आठवड्याला तीन तास वर्गाच्या, एका सेक्शनचे ३,६०० डॉलर मिळतील. आमची शिल्लक ३८,००० डॉलर आहे, दरमहा सुमारे १,५०० डॉलर मागे पडतात आणि मुलगी तीन वर्षांनी कॉलेजात जाईल. मी नोकरी सोडावी का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण आकडे व्यवस्थित दिले आहेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांतूनच देता येईल. माझे मत असे की आपण शिकवायला अवश्य सुरुवात करावी, परंतु त्यासाठी नोकरी सोडू नये. नोकरीचे तास कमी करून घेता येतात का, हे आधी पाहावे.

अर्धवेळ प्राध्यापकाला मिळणारा दर अगदीच तुटपुंजा असतो, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या बाबतीत तो पूर्णपणे खरा नाही. आरोग्य विम्याच्या कायद्यासाठी अशा प्राध्यापकांचे तास कसे मोजावेत, याची एक रीत आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) मान्य केली आहे. तिच्यानुसार वर्गातील प्रत्येक तासामागे तयारी आणि तपासणी धरून आठवड्याला सव्वादोन तास धरले जातात. त्या हिशेबाने तीन क्रेडिटचा एक सेक्शन आठवड्याला पावणेसात तासांचा, म्हणजे १५ आठवड्यांत सुमारे १०१ तासांचा होतो आणि तासाला साधारण ३५ डॉलर पडतात. आपल्या सध्याच्या पगाराचा दर तासाला साडेसदतीस डॉलर आहे. फरक फार नाही. अडचण अशी आहे की हे तास हवे तितके मिळत नाहीत. आठवड्याला ३० तास भरले की मोठ्या संस्थेला कर्मचाऱ्यासाठी आरोग्य विम्याची सोय करावी लागते, म्हणून अनेक कॉलेजे अर्धवेळ प्राध्यापकाला त्या मर्यादेच्या बरेच खाली ठेवतात. आपले तीन सेक्शन मिळून सव्वावीस तासच होतात. भारतातील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची स्थिती आपण पाहिली असेलच. येथील ॲडजंक्टची, म्हणजे अर्धवेळ प्राध्यापकाची, स्थिती तिच्याहून फार वेगळी नाही.

आता नोकरी पूर्णपणे सोडल्यास काय होईल ते पाहू. वर्षाचे सहा सेक्शन धरले तर २१,६०० डॉलर होतात. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के वजा केले, आणि २०२५ च्या दरांनुसार आपण दोघे मिळून १२ टक्क्यांच्या टप्प्यात येता म्हणून तेवढा संघीय कर वजा केला, की सुमारे १७,३५० उरतात. आठवड्यातून दोन दिवस ५० मैलांचा प्रवास ३० आठवडे केला तर ३,००० मैल होतात, आणि आयआरएसच्या २०२५ मधील मैलामागे ७० सेंट या दराने त्याचे २,१०० डॉलर होतात. हा खर्च आपल्याला करातून वजा करता येणार नाही. शिक्षकांना मिळणारी (२०२५ मध्ये ३०० डॉलरची) वजावटही बारावीपर्यंतच्या शिक्षकांसाठीच आहे. पतींच्या विम्याचा जादा हप्ता करापूर्वी कापला जाईल असे धरले, तरी त्याचा खरा भार वर्षाला ६,२०० डॉलरच्या आसपास राहतो. म्हणजे हाती सुमारे ९,००० डॉलर राहतील, आणि त्यातूनही राज्याचा कर जायचा आहे.

आजच्या पगाराचा काही भाग २२ टक्क्यांच्या टप्प्यात येतो; तो धरून याच पद्धतीने कर वजा केल्यास घरात सुमारे ५८,५०० डॉलर येतात. वर्षाला जवळजवळ ४९,५०० डॉलरची, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१०० डॉलरची तूट पडेल. आज मागे पडणारे १,५०० डॉलर त्यात खर्ची घातले तरी २,६०० डॉलर दरमहा शिलकीतून काढावे लागतील, आणि ती शिलक सुमारे १४ महिन्यांत संपेल. मुलीचे कॉलेज त्यानंतरच सुरू होणार आहे. उत्पन्न घटल्यामुळे तिला आर्थिक साहाय्य अधिक मिळेल, या आशेवर हा निर्णय घेऊ नये. कंपनीकडून ४०१(के)मध्ये येणारे ३,१२० डॉलर मी या तुटीत धरलेलेही नाहीत.

सोशल सिक्युरिटीचा मुद्दा आपल्यासारख्या उशिरा आलेल्यांनी विशेष लक्षात घ्यावा. त्यातील निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरते, आणि आपली ११ वर्षेच भरली असल्याने उरलेली २४ आज शून्य म्हणून मोजली जातात. भारत आणि अमेरिका यांच्यात या बाबतीत परस्पर करार नसल्यामुळे भारतातील नोकरीची वर्षे येथे जोडता येत नाहीत. आपण राज्य कळवलेले नाही. परंतु काही राज्यांतील सरकारी कॉलेजे अर्धवेळ प्राध्यापकांना सोशल सिक्युरिटीऐवजी निदान साडेसात टक्क्यांच्या पर्यायी योजनेत घालतात. जानेवारी २०२५ मधील कायद्यामुळे अशा योजनेतील पैशांमुळे आपले सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन कापले जाणार नाही, हे खरे. तरीही त्या वर्षांची कमाई त्या हिशेबात येत नाही ती नाहीच. आपले कॉलेज कोणत्या पद्धतीत आहे, हे तेथील मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.

मी सुचवतो तो मार्ग असा. कंपनीला आठवड्याला ३२ तासांची मागणी करावी आणि आठवड्यातील एक पूर्ण दिवस मोकळा मिळवावा. मोठ्या कंपनीत ३० तासांपर्यंत विमा टिकतो, तरी आपल्या कंपनीचा नियम विचारूनच पाऊल उचलावे. पगार त्याच प्रमाणात घटल्यास ६२,४०० डॉलर होईल. गेलेल्या १५,६०० डॉलरमधून वरच्या टप्प्याचा २२ टक्के संघीय कर आणि ७.६५ टक्के तसेही गेलेच असते, म्हणून खरे नुकसान सुमारे ११,००० डॉलरचे. त्या एका दिवशी दर सत्रात दोन सेक्शन घेतले, तर वर्षाचे १४,४०० डॉलर होतात आणि कर व प्रवास वजा जाता सुमारे ९,१०० डॉलर हाती येतात. कंपनीचा ४०१(के)मधील वाटा सुमारे सहाशे डॉलरने घटेल, तो धरून वर्षाला अडीच हजार डॉलर कमी पडतील. वर्षाला १८,००० डॉलर मागे टाकणाऱ्या घराला हे पेलवते, आणि विमा जागच्या जागी राहतो. वेळेचा हिशेब मात्र लपवता येणार नाही: आठ तास सोडून साडेतेरा तासांचे काम आपण अंगावर घेत आहात.

येथे कोणते सेक्शन घ्यावेत हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. वरील १०१ तासांचा अंदाज मुरलेल्या शिक्षकाला लागू पडेल. पहिल्यांदा शिकवताना तयारीला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि दोन वेगळे विषय घेतले तर तो भार जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून दोन्ही सेक्शन एकाच विषयाचे मागावेत, आणि तो विषय संख्याशास्त्र असावा. आपले रोजचे काम त्याच्या जवळचे आहे, हे एक कारण. दुसरे असे की गणित हा ज्यांचा मुख्य विषय नाही अशा विद्यार्थ्यांना अल्जिब्राऐवजी संख्याशास्त्राकडे वळवण्याचा कल वाढला आहे. कॅलिफोर्नियात २०१७ आणि २०२२ मधील कायद्यांनी कम्युनिटी कॉलेजांतील पूर्वतयारीचे गणितवर्ग मोठ्या प्रमाणावर कमी केले, आणि टेक्सासनेही २०१७ मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकले. अल्जिब्राच्या पूर्वतयारीचे वर्ग ही अर्धवेळ शिक्षकांची नेहमीची रोजी होती. तिच्यावर आता विसंबू नये.

सही करण्यापूर्वी पत्रातील अटी नीट वाचाव्यात. पुरेसे विद्यार्थी आले नाहीत, किंवा पूर्णवेळ प्राध्यापकाचा वर्ग भरला नाही आणि आपल्याला दिलेला वर्ग त्याने मागून घेतला, तर सत्र सुरू होण्याच्या तोंडावरही सेक्शन रद्द होऊ शकतो. तसे झाल्यास केलेल्या तयारीबद्दल काही मिळते का, हे विचारावे; काही ठिकाणी कामगार संघटनेच्या करारात तशी तरतूद असते. भारतातील पदवीचे मूल्यांकन लवकर करून घ्यावे, कारण शिकवण्यासाठी त्या विषयातील पदव्युत्तर १८ क्रेडिट साधारणपणे मागितली जातात. डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापावा हे कळवण्याचा फॉर्म) भरताना जादा कर कापून घेण्याची रक्कम जरूर लिहावी; कॉलेज आपल्याला हेच एक उत्पन्न आहे असे धरून कर कापते आणि एप्रिलमध्ये भरणा अंगावर येतो. कॉलेजाने ४०३(बी) ही निवृत्तीसाठीची बचत योजना देऊ केल्यास तिची वार्षिक मर्यादा आपल्या ४०१(के)शी सामाईक आहे, ४५७(बी) या तशाच दुसऱ्या योजनेची मात्र स्वतंत्र.

कंपनीने ३२ तासांना नकार दिला, तर संध्याकाळचा एकच सेक्शन घ्यावा. त्यातून कर आणि प्रवास वजा जाता सत्राला जेमतेम २,००० डॉलर राहतील. नोकरी पूर्णपणे सोडण्याचा विचार मुलीच्या कॉलेजचा खर्च मार्गी लागल्यावर आणि सलग चार सत्रे आपले सेक्शन रद्द न होता पार पडल्यावर पुन्हा करता येईल; तेव्हाचे आकडे आपण मला कळवावेत.