शेव अमेरिकेला चालली, पण हिंगाची डबी वाचली का?

प्रश्न: नमस्कार. इंदूरला लोकमान्यनगरमध्ये आमचं शेव-चिवड्याचं काम आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि मिस्टर बघतो. भाचा न्यू जर्सीला असतो, त्याच्या ओळखीचा दुकानदार म्हणतो अख्खा कंटेनर पाठवा, माल विकला की पैसे देतो. मिस्टर लोन काढायला निघालेत आणि मला रात्री झोप नाही. काय करावं? – एक वाचक, इंदूर

उत्तर: ताई, झोप लागत नाहीये हे बरंच आहे, घरात एकाला तरी हिशोब दिसतोय. "माल विकला की पैसे" असं आपल्या सराफा बाजारात कोणी अनोळखी माणूस म्हणाला तर त्याला पाच किलो शेव तरी द्याल का उधारीवर? मग कंटेनर कसा द्यायचा? निदान अर्धे पैसे आधी घ्या, बाकीचे एलसीवर, म्हणजे कागद बरोबर असले की पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीवर. पैसे बुडाले तर ईसीजीसीचा (निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा असतो, पण चूक तुमच्या मालात किंवा कागदात निघाली तर तो कामाला येत नाही.

आणि चूक निघते कुठे, तर लेबलवर. आत्ता उठा आणि शेवेत घालता ती हिंगाची डबी फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे तुमच्या बेसनाच्या शेवेत गहू आला आणि पाकिटावर तर नुसतं "बेसन, तेल, मीठ, मसाले"! अमेरिकेत गहू, शेंगदाणे हे अ‍ॅलर्जीवाले पदार्थ नाव घेऊन लिहावेच लागतात, 1 जानेवारी 2023 पासून तीळसुद्धा त्या यादीत आलेत, म्हणजे चिवड्यातले तीळ-दाणे पण आले. नाही लिहिलं तर माल परत मागवायची वेळ येते, आणि बंदरावरच नाकारला तर 90 दिवसांत तो देशाबाहेर न्या नाहीतर नष्ट करा, खर्च कोणाचा ते आधी कागदावर ठरलेलं असेल तर ठीक, नाहीतर भांडत बसा.

कागद बाकी नेहमीचेच, आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर), एफएसएसएआयचं म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा खात्याचं सेंट्रल लायसन्स, शिवाय कारखान्याची अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्याकडे नोंदणी, जी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रिन्यू करावी लागते. पुरवठादाराचा माल सुरक्षित आहे हे तपासायची जबाबदारी तिकडच्या इम्पोर्टरची असते, म्हणून "मावशी, मीच होतो की इम्पोर्टर" असं भाचा प्रेमाने म्हणाला तरी लगेच हो म्हणू नका, बिचाऱ्याला कळणारही नाही आपण कशावर सही केली.

आता खवटपणाचं. इंदूरजवळच्या पिथमपूरहून न्हावाशेवा बंदर, मग महिन्याहून जास्त समुद्र, आणि कंटेनर म्हणजे लोखंडी डबाच, उन्हात तापतो. तुमची शेव इथे आठवड्यात संपते, पोह्यावर पडून, तिला टिकायची सवयच नाही! हवेऐवजी नायट्रोजन भरलेली दहा पाकिटं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवा, दर आठवड्याला एक फोडून खा, सासऱ्यांनाही द्या, त्यांची जीभ आपल्यापेक्षा तयार असणार.

ब्रँडचं नाव तिकडे तुमच्याच नावाने रजिस्टर करा, दुकानदाराच्या नाही, इथला ट्रेडमार्क तिथे चालत नाही. आणि मिस्टरांना सांगा, पहिली खेप कंटेनरची नाही, वीस-पंचवीस पेट्या दुसऱ्या कोणाच्या मालाबरोबर शेअरिंगमध्ये जाऊ देत, त्याला किलोमागे भाडं जास्त पडतं पण घर गहाण पडत नाही.