सॉकेटचं मोठं भोक वर की खाली?

घर आणि वीज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नव्या घरात ओट्यावरच्या भिंतीत तीन सॉकेट बसवलेत. तिन्हींचं मोठं भोक खालच्या बाजूला आलंय. वायरमन म्हणतो, "करंटला वर-खाली काही नसतं, चालतंय ना?" हे असंच राहू द्यावं का? (पुणे)

उत्तर : करंटला वर-खाली नसतं हे खरं आहे, पण प्लगला असतं. त्यातून ओट्यावरची जागा, म्हणजे तिन्ही सॉकेट फिरवूनच घ्या.

आधी नसती भीती काढून टाकू. सॉकेट उलटं बसलं म्हणून फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांची अदलाबदल होत नाही. मोठं भोक अर्थचं. अर्थची पिन जाड असते, ती दुसऱ्या भोकात जातच नाही. त्यामुळे सॉकेट उलटं तर प्लगही उलटा लागतो आणि फेजची पिन फेजच्याच भोकात जाते. मिक्सर, टोस्टर पूर्वीसारखेच चालतील.

अडचण येते ती प्लग अर्धवट निसटल्यावर. आपल्या सहा अँपिअरच्या प्लगात फेज-न्यूट्रलच्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाड असतात आणि अर्थची ७. सोळा अँपिअरच्या प्लगात हेच आकडे साधारण ७ आणि ८.७ असे आहेत. अर्थची पिन लांबीलाही जास्त असते. प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा, यासाठी ती तशी ठेवलेली आहे. मोठं भोक वर असेल तर ही लांब, जाड पिन वरून प्लगला धरून ठेवते. आता वॉटर प्युरिफायरचा जड अडॅप्टर उलट्या सॉकेटला लावून पाहा. वजन पुढे झुकतं, वरची बाजू भिंतीपासून सुटायला लागते, आणि वरच्या बाजूला नेमक्या फेज-न्यूट्रलच्या पिना असतात. दोन-तीन मिलिमीटरची फट पडली की उघडं पितळ दिसतं. त्याच भिंतीवर वर झारे-डाव अडकवायची पट्टी असते. तिथून सुटलेली स्टीलची उलथनी थेट त्या फटीत येऊ शकते. सॉकेट सुलटं असतं तर तीच उलथनी आधी अर्थच्या पिनेवर आपटली असती.

दुसरा मुद्दा वायरीचा. आपल्याकडच्या बहुतेक थ्री पिन टॉपमधून आणि फ्रिज-वॉशिंग मशीनच्या साच्यातल्या प्लगमधून वायर अर्थच्या विरुद्ध टोकाला बाहेर पडते. सॉकेट उलटं असलं की ती आधी वर जाते आणि मग वळसा घेऊन खाली येते. रोज काढघाल होणाऱ्या मिक्सरच्या वायरीतल्या तारा याच वळणावर एकेक करून तुटतात. उरलेल्या थोड्या तारांवर सगळा भार येतो, प्लगचं मानगूट गरम होतं आणि रबर तपकिरी पडतं. शिवाय कुकरच्या वाफेचे थेंब त्या वळणावरून ओघळत प्लगच्या आतच शिरतात. सुलट्या प्लगमध्ये ते वायरीवरून खाली गळून जातात.

फिरवायला फार वेळ लागत नाही, पण काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि समोर उभे राहा. एमसीबी (मेन पेटीतलं, भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) बंद केल्यावर टेस्टर आधी घरातल्या चालू सॉकेटवर लावून बघावा, मग या सॉकेटवर आणि मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधेच टेस्टरचा दिवा गेला असेल तर त्याशिवाय कळत नाही. वरची प्लेट काढून फ्रेमचे स्क्रू सोडले आणि फ्रेम बाहेर ओढली की सॉकेटच्या मागच्या खाचा दिसतात. त्या दाबून सॉकेट सोडायचं, अर्धा फेरा फिरवायचं आणि पुन्हा खटकन बसवायचं.

चूक होते ती इथे. बॉक्समध्ये वायर जेमतेम सोडलेली असते. फिरवताना तिला पीळ बसतो आणि ती टर्मिनलमधून अर्धी निसटते. बोर्ड बंद केल्यावर हे कुणाला दिसत नाही. वायर १० ते १५ सेंटिमीटर मोकळी नसेल तर तिन्ही वायरी सोडूनच सॉकेट फिरवायला सांगा. पुन्हा जोडताना टोक १० मिलिमीटरच्या आसपास सोलावं, तारा एकत्र पिळाव्यात, वायर बारीक असेल तर टोक दुमडून घ्यावं. एकही तार बाहेर राहू नये आणि वायरीचं रबर स्क्रूखाली दाबलं जाऊ नये. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघावी. नंतर त्या सॉकेटवर दहा-पंधरा मिनिटं मोठा भार चालवून प्लेटला हात लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

एक अपवाद आहे. बॉक्स ओट्याच्या ग्रॅनाइटपासून चार-पाच सेंटिमीटरवरच असेल तर सुलट्या प्लगची वायर दगडाला टेकून दुमडते. काही वायरमन म्हणूनच मुद्दाम उलटं बसवतात. त्यावरचा खरा उपाय बॉक्स वीतभर वर घेण्याचा आहे. टाइल्स बसायच्या आत कळलं तर नक्की करून घ्या.

प्रश्न : दाराच्या चौकटीलगत जागा अरुंद आहे, म्हणून मॉड्युलर बोर्ड उभा लावावा लागला. सॉकेट आडवं झालं. मोठं भोक डावीकडे घ्यावं की उजवीकडे? (कोल्हापूर)

उत्तर : उजवीकडे. सुलट्या सॉकेटमध्ये समोरून पाहताना उजवं भोक फेजचं आणि डावं न्यूट्रलचं असतं. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवलं की अर्थ उजवीकडे जातो, न्यूट्रल वर येतो आणि फेज खाली. वरून काही पडलं तर ते आधी न्यूट्रलवर पडेल. मोठं भोक डावीकडे घेतलं तर फेज वर येतो.

आडवी प्लेट तशीच उभी ठोकली की ही वेळ येते. बाजारात उभ्या मांडणीच्या प्लेटही मिळतात. त्यांत मॉड्यूल (प्लेटमध्ये बसणारी सुटी बटणं, सॉकेट) सरळ राहतात आणि फक्त चौकट उभी असते. आठ मॉड्यूलची प्लेट घेताना एका रांगेतली हवी की चार-चारच्या दोन रांगांतली, हे दुकानात सांगा. मात्र दोन रांगांच्या प्लेटला मागचा बॉक्सही वेगळ्या मापाचा लागतो, त्यामुळे हा निर्णय भिंत फोडण्याआधीच व्हायला हवा.

प्रश्न : आमच्या सॉकेटचं मोठं भोक वरच आहे. पण टेस्टर डाव्या भोकात लागतो आणि बटण बंद केलं तरी लागलेलाच राहतो. टीव्ही, मिक्सर सगळं व्यवस्थित चालतं. मग बिघडलंय काय? (रत्नागिरी)

उत्तर : तुमचं सॉकेट दिसायला सुलटं असलं तरी जोडणी उलटी आहे, आणि पहिल्या प्रश्नातल्या उलट्या सॉकेटपेक्षा ती कितीतरी जास्त घातक आहे. उपकरणं चालतात, कारण त्यांना दोन टोकांमध्ये २३० व्होल्ट मिळाले की पुरतं. पण तुमचं बटण न्यूट्रल तोडतंय. बटण बंद केल्यावर मिक्सर थांबतो, तरी त्याच्या आतपर्यंत फेज पोचलेलाच असतो. टेबललॅम्पचा दिवा बदलताना होल्डरमध्ये बोट गेलं तर बंद बटण तुम्हाला वाचवणार नाही.

तुमच्या बोर्डात बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आणि सॉकेटवर थेट फेज जोडला गेलाय. टेस्टर डावीकडे लागतो पण बटण बंद केलं की विझतो, अशी चूक असेल तर तिचं नेहमीचं कारण अगदी साधं आहे. "उजवीकडे फेज" हा नियम समोरून पाहण्याचा आहे. वायरमन जोडणी करतो ती सॉकेट पालथं धरून, आणि पालथ्या सॉकेटचं उजवं टर्मिनल समोरून डावं असतं. म्हणून डावं-उजवं न मोजता मागे कोरलेली एल, एन, ई ही अक्षरं वाचायची. एलवर बटणातून आलेला फेज, एनवर काळी वायर, ईवर हिरवी. आपल्याकडे फेजची वायर लाल, पिवळी किंवा निळी असते.

दुरुस्तीच्या आधी घरातली इतर सॉकेट आणि दिव्यांची बटणंही तपासा. चूक एकाच बोर्डात असेल तर तोच उघडायचा. सगळ्या घरात फेज-न्यूट्रल उलटे निघाले तर एकेक सॉकेट बदलत बसू नका. अदलाबदल मीटर ते डीबी (एमसीबींची मेन पेटी) यांच्या दरम्यान झालेली आहे आणि तुमच्या एक-पोल (एकच तार तोडणाऱ्या) एमसीबी फेज सोडून न्यूट्रल तोडत आहेत. अशा घरात "एमसीबी पाडली आहे" म्हणून बोर्डात हात घालणं जिवावर बेतू शकतं. हे काम त्याच दिवशी करून घ्या.

नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. न्यूट्रल कुठे तुटला असेल तर उपकरणातून फिरून आलेल्या फेजमुळे तो न्यूट्रलच्या भोकातही लागतो. तीन दिव्यांचा, प्लगसारखा लावायचा टेस्टर चांगला. मल्टिमीटर असलेल्या माणसाकडून तीन मोजमापं घेतलीत तर उत्तमच. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट यायला हवं. फेज-अर्थ फारच कमी आलं तर अर्थची वायर सुटलेली आहे किंवा नुसतीच बॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेली आहे.

न्यूट्रल-अर्थ शून्य आलं तर लगेच खूश होऊ नका. त्याच सॉकेटला गीझर किंवा इस्त्रीसारखा भार लावून पुन्हा मोजा. न्यूट्रलच्या वायरीत भारामुळे थोडे व्होल्ट पडतात, आकडा जरा तरी वाढायला हवा. तो शून्यावरच चिकटून राहिला तर सॉकेटच्या मागे ई आणि एन वायरीच्या तुकड्याने जोडलेले असण्याचा दाट संशय घ्या. अर्थिंग नसलेल्या घरात टेस्टरची खूण बरोबर यावी म्हणून काही जण हा उद्योग करतात. पुढे कधी न्यूट्रल तुटला की फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं पत्र्याचं अंग थेट फेजवर येतं. अर्थची वायर खरोखर जोडलेली असूनही असा तुकडा राहिला असेल आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं बटण) बसवलेली असेल, तर अशा सॉकेटवर भार लावताच ती पडू शकते. "आरसीसीबी सारखी पडते, काढून टाका" असं कुणी सुचवलं तर आधी हा तुकडा शोधायला लावा.

प्रश्न : न्यू जर्सीत घर घेतलं. इथे गोल भोक खाली असतं, पण आमच्या हॉलमध्ये एक सॉकेट उलटं आहे. भारतातल्यासारखी सगळीच वर करून घ्यावीत का? (अमेरिका)

उत्तर : आधी भिंतीवरचं बटण दाबून बघा. बटणावर चालणारं सॉकेट ओळखू यावं म्हणून तिथले काही इलेक्ट्रिशियन तेवढंच उलटं बसवतात. तसं असेल तर ती खूण आहे, चूक नाही.

अमेरिकेच्या विद्युत संहितेने गोल भोक वर की खाली हे ठरवून दिलेलं नाही, दोन्ही चालतं. वर घेण्याच्या बाजूचं कारण आपल्यासारखंच आहे. तिथल्या पिना चपट्या पात्यांच्या असतात, अर्धवट निसटलेल्या प्लगवर धातूची वस्तू पडू शकते, आणि धातूची सॉकेट-प्लेट ढिली होऊन सरकली तर तीही. पण तिथल्या फ्रिजचे, खिडकीतल्या एसीचे भिंतीला चिकटून बसणारे प्लग बहुतेक गोल भोक खाली धरून केलेले असतात. सॉकेट फिरवलंत तर त्यांची वायर वर निघेल. म्हणून सरसकट बदलू नका. ओट्यामागे, वर्कबेंचवर, जिथे वरून काही पडू शकतं तिथे वर घ्या. आडवं बसवायचं तर लांब फट, म्हणजे न्यूट्रल, वरच्या अंगाला ठेवा.

जोडणीत स्क्रूचा रंग बघायचा. पितळी स्क्रूवर काळी वायर, म्हणजे फेज. चंदेरीवर पांढरी, न्यूट्रल. हिरव्यावर अर्थ. इथे सवयीने घात होतो. भारतात काळी म्हणजे न्यूट्रल, तिथे काळी म्हणजे फेज.

प्रश्न : शटरच्या (भोकांवर आतून झाकण असलेल्या) सॉकेटमध्ये दोन पिनांचा चार्जर जात नाही. वरच्या भोकात पेन खुपसला की जातो. याने शॉक बसतो का? (नाशिक)

उत्तर : वरचं भोक अर्थचं आहे, जोडणी नीट असेल तर तिथे शॉक बसणार नाही. पण अर्थच्या पिनेने उघडावं म्हणून केलेलं नाजूक शटर पेनाने तिरकं होतं आणि एक दिवस उघडंच राहतं. मग रांगत्या मुलाला तिथे खिळा घालायला काही आडकाठी उरत नाही.

पुष्कळ शटर दोन्ही पिनांचा दाब एकाच वेळी आला तरी उघडतात. चार्जर नाकासमोर सरळ धरा आणि दोन्ही पिना एकदम दाबा. एक पिन आधी टेकवलीत तर शटर अडकतं. तरीही गेला नाही तर तुमचं शटर फक्त अर्थच्या पिनेने उघडणारं आहे. तिथे तीन पिनांचा चार्जर घ्या. पुष्कळ चार्जरच्या पिना ४ मिलिमीटरच्याच असतात आणि आपलं भोक ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी असतं, म्हणून ते लोंबकळतात आणि चरचरतात. चार्जरसाठी एक बहुउपयोगी सॉकेट बसवायला हरकत नाही, पण इंडक्शन त्याला लावू नका. २००० वॉटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर खेचते. तिला सोळा अँपिअरचंच, पिना घट्ट धरणारं सॉकेट हवं.

प्रश्न : बोर्डावरची दोन बटणं वर केली की चालू होतात, बाकीची खाली केली की. बदलावं का? (सोलापूर)

उत्तर : आपल्याकडे खाली म्हणजे चालू. ती दोन मॉड्यूल उलटी बसली आहेत, फिरवून घ्या. अंधारात, घाईत हात सवयीनेच चालतो. जिन्याच्या दिव्याची दोन्ही टोकांची बटणं मात्र याला अपवाद, तिथे चालू-बंदची जागा दुसऱ्या बटणाप्रमाणे बदलत राहते.