बदली झाली आणि ॲव्हरेज घसरले

प्रश्न : माझ्याकडे 2005 सालची, 100 सीसीची, चार स्ट्रोकची मोटारसायकल आहे. मीटरवर 1 लाख 30 हजार किलोमीटर झाले आहेत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाडी लिटरला 62 किलोमीटर देत असे, आता जेमतेम 46 देते. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होते आणि इंजिन धूर सोडत नाही. एक मिस्त्री म्हणतात, बोअर-पिस्टन (इंजिनातील सिलिंडर आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या) बदला. दुसरे म्हणतात, कार्बोरेटरमधील जेट (पेट्रोल येण्याचे छिद्र) बारीक करून ॲव्हरेज वाढवून देतो. पूर्वी मी वाईहून साताऱ्याला रोज ये-जा करीत असे, आता बदली होऊन शाळा घरापासून तीन किलोमीटरवर आली आहे. या गाडीवर मोठा खर्च करावा का? — एक शिक्षक, वाई

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण अगदी शेवटी, ओघात देऊन टाकली आहे. साताऱ्याच्या वाटेवर गाडी एकदा तापली की सलग तासभर चौथ्या गिअरमध्ये, एका लयीत चालत होती. आता ती तीन किलोमीटर जाते आणि इंजिन धड तापते न तापते तोच बंद होते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त द्यावे लागते. ऑइल घट्ट असल्याने घर्षणही अधिक असते, आणि त्यात बाजारपेठेतील पहिला-दुसरा गिअर आला. अशा वापरात नवी कोरी गाडीदेखील हमरस्त्यावरचा आकडा देणार नाही. म्हणजे 62 आणि 46 हे एकाच गाडीचे आकडे असले, तरी ते एकाच कामाचे आकडे नाहीत, आणि सबंध फरकाची भरपाई इंजिनाकडून मागणे योग्य ठरणार नाही.

तरीही काही फरक गाडीचा असू शकतो. तो शोधण्यापूर्वी ॲव्हरेज आपण कसे काढता, ते तपासावे. गाडी रिझर्व्हला आली की एक लिटर टाकायचे आणि पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंत किलोमीटर मोजायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत फसवी आहे, कारण गाडी चढावर आहे की उतारावर, यावर रिझर्व्ह लागण्याची वेळ पुढेमागे होते. एका लिटरमागे 200 मिलिलिटरची चूक झाली तर हिशेब वीस टक्क्यांनी चुकतो. तीच चूक पाच लिटरमागे झाली तर केवळ चार टक्के. म्हणून गाडी मधल्या स्टँडवर उभी करून टाकीच्या गळ्यातील एका ठरावीक खुणेपर्यंत पेट्रोल भरावे, निदान 250 किलोमीटर चालवावी आणि त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरून भागाकार करावा. एखाद्या रविवारी साताऱ्याची जुनी फेरीही करून पाहावी, मात्र तिचा हिशेब वेगळा ठेवावा. पुढचा टायर मूळ मापापेक्षा मोठा बसवलेला असेल, तर मीटरच कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज नसलेल्या कारणाने खाली येते. महामार्गावरील किलोमीटरचे दगड पाहत दहा किलोमीटर गेल्यास याचा निकाल लागतो.

हमरस्त्यावरही आकडा 55 च्या खाली राहिला, तर मात्र गाडीकडे वळावे, आणि प्रथम इंजिनाकडे नव्हे तर चाकांकडे. माझ्या पाहण्यात जुन्या गाड्यांचे पेट्रोल सर्वाधिक खाणारी वस्तू म्हणजे चिकटून राहणारा मागचा ब्रेक. मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते एक-दोन फेऱ्यांतच थांबत असेल, तर ब्रेकचा कॅम गंजून अडकत आहे, लायनर घासत आहेत किंवा चेन गरजेपेक्षा जास्त ताणली आहे, असे समजावे. चेनला मध्यावर अडीच सेंटिमीटरच्या आसपास सैलपणा हवा. सैल चेन आवाज करते म्हणून लोक ती घट्ट करून घेतात. घट्ट चेन मुकाट्याने ताकद खात राहते. टायरमधील हवा एकट्याच्या वापरासाठी अशा बहुतेक गाड्यांना पुढे 25 आणि मागे 28 पीएसआय लागते, तथापि आपल्या गाडीवरील पट्टीवर जे छापले असेल तेच प्रमाण मानावे.

त्यानंतर कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग. अर्धवट ओढलेला राहणारा चोक आणि धुळीने भरलेला एअर फिल्टर ही कारणे कोणताही मिस्त्री पाहतो. परंतु सव्वा लाख किलोमीटर झालेल्या गाडीत जे सहसा पाहिले जात नाही, ते म्हणजे कार्बोरेटरमधील सुई आणि ती ज्यात वरखाली होते ते पितळी जेट. वर्षानुवर्षे घासून त्या पितळी छिद्राचा गोलपणा जातो, आणि पाव ते पाऊण थ्रॉटलच्या (हँडलवरील पिळायच्या मुठीच्या) टप्प्यात, म्हणजे आपण दिवसभर जिथे गाडी चालवतो नेमके तिथेच, पेट्रोल जास्त जाऊ लागते. कार्बोरेटरवरील मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी हा दोष जात नाही, कारण तो स्क्रू मुख्यतः आयडलिंगपुरता, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेवढ्यापुरता, असतो. प्लग काढून पाहावा : टोक काळ्या काजळीने माखलेले असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण योग्य आहे. सुई आणि जेट जोडीने बदलण्याचा खर्च बोअर-पिस्टनच्या मानाने किरकोळ असतो.

जेट बारीक करून घेण्याचा सल्ला मात्र मानू नये. मूळ मापापेक्षा पेट्रोल कमी केले की मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते, पिकअप मरतो, त्याची भरपाई म्हणून आपण थ्रॉटल अधिक पिळतो आणि कालांतराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येते. बोअर-पिस्टनचे म्हणाल, तर निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही आणि किक मारताना पायाला दाब जाणवतो, तोपर्यंत त्याला हात लावण्याचे कारण नाही. शंका असेल तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हमधील फट) तपासून घ्यावेत आणि मग गेजवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, मोजून घ्यावे. न मोजता इंजिन उघडू देऊ नये.

प्रश्न : इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचे ॲव्हरेज खरोखर किती कमी होते? — एक वाचक, लातूर

उत्तर : कमी होते, पण बोलले जाते तितके नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे 20 टक्के मिश्रणात निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने साधारण सात टक्के घट येते. इंजिनाची कार्यक्षमता मात्र सर्वस्वी ऊर्जेवर ठरत नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींच्या बाबतीत ही घट 3 ते 4 टक्के धरली आहे. म्हणजे 60 देणारी गाडी 57-58 देईल. वाईच्या वाचकांचे 16 किलोमीटर यात कोठेच बसत नाहीत. जुन्या गाडीच्या बाबतीत मला ॲव्हरेजपेक्षा रबरी नळ्यांची आणि टाकीची काळजी अधिक वाटते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. तेव्हा पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असल्यास निदान कार्बोरेटर रिकामा करावा.

प्रश्न : पाचगणीहून पसरणी घाट उतरताना मी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये येतो. यातून किती बचत होते? — एक वाचक, पाचगणी

उत्तर : 100 सीसीचे इंजिन आयडलिंगवर तासाला पाव लिटरहूनही कमी पेट्रोल घेते. घाटाच्या वीस मिनिटांत वाचते ते चहाच्या एका छोट्या कपाइतके. त्यासाठी आपण इंजिनाचा रोध सोडून देता आणि सर्व भार ड्रम ब्रेकवर टाकता. ते तापले की वळणावर लागेनासे होतात. किल्ली बंद असल्यास ब्रेकचा दिवाही लागत नाही. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरावा. इंजिन बंदच करायचे असेल तर ते रेल्वे फाटकाशी किंवा लांबलेल्या सिग्नलला उभे असताना करावे.